उपाशी वाकळ

अक्काला आता ऐकू येत नाही. फोनवर मी घसा फोडून ओरडते आणि ती आपलंच दळण दळत राहते. अशीच मागे बोलता बोलता म्हणाली, "आमच्या नातसुनंला दिस गेल्यात. बाळासाठी वाकळ शिवायला काढलीया. आईची माझी जुनी वाकळ हाय न्हवं, ती घालून टाकती आत. लय इरलीया."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घालून टाकती! वाकळ विरली की वरून नवी लुगडी चढवून तिचीच दुसरी शिवायची, जुनी आतल्या आत राहू द्यायची, ही रीत मला काय नवी नाही. आमच्या औंधाकडच्या गावात सगळ्या बायका हेच करत आल्या. पण ही वाकळ? जिच्यापायी मी जन्मभर जळले, ती कुणाच्या तरी पोटात गडप करायची आणि वरून फुलाफुलाचं कापड मारायचं?

"अक्के, हात लावू नगंस तिला! मी येती!" मी ओरडले.

एरवी ठार बहिरी, पण हे बरोबर ऐकू आलं तिला. "पायजे तर ने," म्हणाली, "पर फुकट न्हाई मिळायची. तुझी मशीनची घिऊन ये. अदलाबदल."

हेवा वाटतो म्हणायला लोक लाजतात. मी लाजत नाही. मला अक्काचा हेवा वाटायचा, आणि वाकळेचा विषय निघाला की अजून वाटतो. सांगलीच्या घरी माळ्यावरून मी माझी वाकळ काढली, झटकली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, आणि त्याच्या खालून, इतक्या वर्षांनी, तो दुसराही आला. मशीनच्या तेलाचा.

तो वास म्हणजे आमचं घर. आबा फौजेत होते. एका सुट्टीत ते आले ते डोक्यावर मशीन घेऊन, फौजी कांबळ्यात गुंडाळलेलं. हातमशीन होतं, पायाचं नव्हे. उजव्या हाताला चाक आणि चाकाला लाकडी मुठीचं हँडल. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. हे सगळं मी नंतर पाहिलेलं सांगते. मशीन आलं तेव्हा मी नुकती धरून धरून चालत होते आणि अक्का शाळेत जात होती. ती सुट्टी संपली, आबा गेले आणि पुन्हा आले नाहीत. मी त्यांच्या खांद्यावर बसून यमाईचा डोंगर चढले म्हणतात. चढले असेन. मला आठवत नाही.

मला आठवते ती मशीनपुढची आई. ओठांत टाचण्या धरलेली, त्यामुळे कायम काहीतरी गिळून बसल्यासारखी. तिचं हसू मला आठवतं ते ओठ मिटलेलं. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हातानं कापड सरकवायचं. खटक खटक खटक, मग थांबा, मग खटक खटक. दुपारी आमच्या सोप्यात, त्या पुढच्या खोलीत, दुसरा आवाज नसायचा. मी शेजारी बसून सुईकडं बघायची. हातसुईचं नेढं बुडाला असतं, मशीनच्या सुईचं टोकाला. आई म्हणायची, "कुठल्या मुलखातल्या बाबाला सुचलं बघ. नेढं खाली आनलं आन सगळं उलटंपालटं झालं." कोण तो बाबा, त्याची बायको हातानं शिवून शिवून दमली होती का, असलं काही आम्ही विचारलं नाही. पण एवढीशी गोष्ट, नेढं इकडचं तिकडं, आणि तिनं आमच्या गावातल्या बायकांच्या दुपारी पालटून टाकल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आधी दुपारी वाकळा शिवल्या जायच्या. लिंबाखाली लुगडं अंथरायचं, त्यावर जुनी धोतरं, फाटके सदरे, म्हातारीचं नऊवारी. चार कोपऱ्यांना चार बाया. काठापासून सुरुवात आणि टाके घालत घालत मधे यायचं. बायजाकाकू ह्यात सगळ्यांची मोठी. धनगराची म्हातारी, कपाळभर कुंकू, दात मिसरीनं काळे. पदरात कुणाचं न कुणाचं जुनेर घेऊनच यायची. "ह्यो बघ तुझ्या चुलत्याचा फेटा," म्हणून तुकडा लावायची. अशी एकेका वाकळेत अख्खी भावकी झोपलेली असायची. आणि मधोमध, वरचा पदर शिवण्याआधी, ती भाकरीचा तुकडा ठेवायची.

भाकरीचा. ज्वारीच्या, त्याच दिवशीच्या. वाकळ म्हणजे आई, ती लेकराला पोटाशी घेणार, तर तिचं पोट रिकामं ठेवून कसं चालेल? उपाशी वाकळ ऊब देत नाही. भाकर ठेवायची, वर लुगड्याचा पदर ओढायचा, टाके घालायचे आणि हात जोडायचे.

अक्काची वाकळ अशी शिवलेली. मशीन यायच्या आधी, आईनं एका हिवाळ्यात, बायजाकाकूच्या हाताखाली. टाके असे दाट की हात फिरवला तर ज्वारीच्या राशीवर फिरवल्यागत वाटायचं. जड अशी की पांघरली की कुणीतरी अंगावर पाय टाकून झोपलंय असं वाटावं. मधे भाकर.

माझी वाकळ मशीनवर झाली. पातळ, तीन पदरी, कारण जास्त पदर मशीनला झेपत नाहीत. शिवणी एका रेघेत, रूळ मारल्यागत. आणि भाकर नाही. आईनं ठेवली होती म्हणे, पण मशीनची सुई वाळल्या भाकरीवर आली आणि कडकन मोडली. सगळं गाव त्यावर हसलं. भाकरीवर मशीन चालवणारी बाई एकच, आमची आई. मी विचारलं की आई तेवढंच सांगायची, "सुई मोडली. मग ऱ्हायली भाकर," आणि चुलीकडं तोंड फिरवायची. पुढं आईनं गावभराची पोलकी शिवली, झबली शिवली, शाळेचे सदरे शिवले, पण मशीनवर वाकळ पुन्हा कधी शिवली नाही. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता लावला. माझी बिघडली, म्हणून नाद सोडला.

थंडीत आम्ही दोघी एकाच पटकुरावर झोपायचो, दोन वाकळा घेऊन. आमच्या साताऱ्याच्या पूर्वेकडची थंडी कोरडी, ओठ फोडणारी. आढ्यातून चांदणं यायचं आणि थंडीही. मी पायाचा अंगठा हळूच अक्काच्या वाकळेत सारायची आणि मधोमध चाचपायची. काही टोचतंय का, काही कुरकुरतंय का. अक्का लाथ घालायची.

"आई, हिच्या वाकळेनं भाकर खाल्ली का गं?"

"खाल्ली की. म्हनून तर ऊब देती."

"आन माझीनं?"

"तुझी मशीनची हाय. तिला भूक नसती. ती तेल पिऊन ऱ्हाती."

अक्का खिदळायची. मी रडायची. तेल पिऊन राहणारी वाकळ कुणाला हवी होती? मी तोंडावर ओढून घेतली की तोच वास नाकात जायचा आणि मला वाटायचं, बघा, घास नाही दिला, तेल पाजलं. थोरलीला भाकर आणि धाकटीला तेल. एकदा मी जेवताना भाकरीचा तुकडा चोळीत लपवला आणि रात्रीला वाकळेवर नेऊन ठेवला. सकाळी मुंग्यांची रांग लागली. आईनं मला झोडपलं आणि वाकळ उन्हात घातली. अक्कानं तिची वाकळ मुद्दाम शेजारी घातली.

आणि गंमत बघा, गावातल्या बाया माझीच बघायला यायच्या. पदर चिमटीत धरून शिवणीवर बोट फिरवायच्या. "काय गं बाई, दोरी लावल्यागत!" अक्काच्या वाकळेकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं, तसली प्रत्येकीच्या घरात होती. त्या कौतुकानं मी फुगायला पाहिजे होते. छे! मला वाटायचं, तुम्हाला काय कळतंय, आतून उपाशी आहे ती.

हळूहळू लिंबाखालच्या दुपारी कमी झाल्या. बाया आमच्या सोप्यात कटपीस घेऊन यायला लागल्या, मापं द्यायला लागल्या. बायजाकाकू यायची, भिंतीला टेकून बसायची, चार शब्द बोलायची, मग खटक खटक सुरू झालं की गप्प व्हायची. एकदा उठताना म्हणाली, "हातानं शिवताना बाई बोलती. ह्ये मशीन बोलू देत न्हाई." आई काही बोलली नाही. टाचण्या होत्या तोंडात. पुढं वाकळांतही आईच्या कापातले उरलेले नवे तुकडे लागायला लागले, त्रिकोणी, चौकोनी, रंगीत. दिसायला झकास. पण चुलत्याचा फेटा, म्हातारीचं लुगडं, ते गेलं. त्या नव्या तुकड्यांत कुणीच झोपलेलं नसायचं.

आता तर साताऱ्यात दुकानात वाकळा टांगलेल्या असतात, पिशवीत घालून, रिबीन बांधून. मी मुद्दाम हात लावून बघितली एक. हाताचे वाटावेत म्हणून मशीननं मुद्दाम वाकडे घातलेले टाके! आमच्या आईनं सरळ टाक्याला डोळे फोडले आणि ह्यांना आता वाकडा पाहिजे. दुकानातल्या पोरीला मी विचारलं, आत भाकर आहे का?

अक्काचं लग्न उंब्रजला झालं, बागायतदाराच्या घरात. वाकळ तिच्याबरोबर गेली. ती जाणारच होती. पण आईच्या माघारी मशीनसुद्धा तिच्याकडं गेलं. थोरली म्हणून. मला आईचा पितळी डबा मिळाला, टाचण्यांचा. मनात मात्र जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर मी गेले. सांगलीहून एस्टीनं कऱ्हाड, तिथून उंब्रज, मांडीवर पिशवी, पिशवीत वाकळ. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला. मी मनाशी घोकत होते, तिनं आढेवेढे घेतले तरी सोडायची नाही, आज घेऊनच यायची.

अक्का ओट्यावरच बसली होती. केवढी लहान झालीय ती! मी फाटक वाजवलं, लांबून हाका मारल्या, तिला पत्ता नाही. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा कुठं बघितलं. "आलीस व्हय धाकले," म्हणाली आणि थेट पिशवीकडं हात. आत सोप्यात टीव्हीशेजारी मशीन होतं, अंगावर प्लास्टिकचं कव्हर, त्यावर रिमोट आणि औषधांच्या पट्ट्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याकडं असतं तर मी त्याला रोज पुसलं असतं.

तिनं तिची वाकळ आणून टाकली. मी दोन्ही हातांनी धरली. विरलेली, कोपरे गेलेले, पण मधले टाके अजून दाट. मी मधोमध हात ठेवला, लहानपणी अंगठा ठेवायची तसा.

"भाकर शोधतीस?" अक्का हसली. "आगं खुळे, पयल्या धुन्यातच इरगळून गेली आसंल की ती. नदीवर आपटून आपटून धुतली हिला. माशांनी खाल्ली आसंल."

एवढी साधी गोष्ट, आणि मला कधी सुचली नव्हती. दुखण्यासारखं काही उरलं नव्हतं खरं म्हणजे. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "तरी घातली तर होती ना! तुझ्यात घातली होती. माझ्यात घातलीच न्हाई!"

मी ओरडले होते, तिला ऐकू गेलं. मग तिनं माझी वाकळ मांडीवर ओढली, उलटसुलट केली, मधली एक शिवण शोधून काढली. सगळ्या शिवणी सरळ, ती तेवढी एका जागी किंचित हललेली. मी ती कधी नीट बघितलीच नव्हती. नावडतीच्या अंगावरचे तीळ कोण बघतं?

"हितं मोडली सुई," ती म्हणाली. "चाक आबा फिरवत हुतं."

"काय?"

"आबा. वाकळ मशीनमधनं सरकंना. आईला दोनी हात लागायला लागलं कापडाला. मग आबा बसलं शेजारी, चाकावर. सुट्टीचं शेवटचं दिस. तू तितंच पडवीत झोपली हुतीस. मी दाराआड. आई म्हनायची, हळू वो, आन आबा फौजीगत जोरात फिरवायचं. भाकरीवर आली तशी सुई मोडली. आई घाबरली. म्हनली, आता काय करायचं? आबांनी ती भाकर वडून काढली आन टाकली तोंडात."

"खाल्ली?"

"खाल्ली. आई म्हनली, आवं, पोरीच्या वाकळंचा घास खाल्ला तुमी! तर म्हनलं, मशीनच्या वाकळंला भूक नसती, ती तेल पिती. मी तिकडं बर्फात हाय. मला कोन ऊब देनार? आन मग आई हसली. पदर न्हाई लावला तोंडाला. टाचण्या पडल्या तोंडातल्या. लय हसली. आबा बी हसलं. दोगंबी हसत हुती आन मशीन तसंच थांबलेलं."

तेल पिऊन राहते, हे आबांचं वाक्य होतं तर. आई मला आयुष्यभर आबांचं वाक्य सांगत होती आणि मी रडत होते.

मग राग आला. खरंच आला. "मला का न्हाई सांगितलंस? येवड्या वर्सांत एकदा तरी?"

"कशाला सांगू?" अक्काही तडकली. म्हातारी झाली तरी तिचा फणकारा तोच. "माझ्या वाकळंला एकट्या आईचा हात. तुझीला दोगांचा. समद्या बाया तुझीच बघायला यायच्या. वाकळ तुझ्याकडं गेली. मला त्येंचं त्ये हसनं तेवडंच हुतं. ते बी तुला दिऊ?"

म्हणजे ती जळत होती. एकाच पटकुरावर, शेजारी शेजारी, मला लाथा घालत, ती माझ्याहून जास्त जळत होती.

मी उठले. मशीनवरचा रिमोट बाजूला केला, औषधं बाजूला केली, कव्हर काढलं. लाकडी मूठ हातात घेतली. सुई नव्हती, दोरा नव्हता. फिरवलं. खटक खटक खटक. अक्काला ऐकू आलं नाही, तिनं नुसतं बघितलं. मी जोरात फिरवलं, फौजीगत, आणि थांबले. थांबल्यावर सोप्यात काहीच नव्हतं. पुढचं मला येत नव्हतं.

मी तिच्या कानाशी गेले. "आई हसली कशी गं? करून दाखव."

अक्कानं डोळे मिटले. तोंड उघडलं. काहीतरी आवाज निघाला, मग खोकला आला. पाणी दिलं मी. "न्हाई येत," ती म्हणाली. "हितं हाय, भायेर न्हाई येत." तिनं कानावर हात ठेवला होता.

दुपारी ती माझी वाकळ घेऊन आडवी झाली आणि घटकाभर डाराडूर झोपली. मी तिची पांघरली. जड होती, उबदार होती, जशी लहानपणी वाटायची तशीच. मला डोळा लागला नाही.

निघताना तिनं दोन्ही वाकळांच्या घड्या घातल्या आणि दोन्ही माझ्या पिशवीत कोंबल्या.

"आन तुझी अदलाबदल?"

"ने दोनी. हितं ठिवून काय करू? माझ्या माघारी ह्या पोरी गाडी पुसायला घेत्याल. बाळाला माझं लुगडं घालती आत." मग पिशवीची बंदं ओढत म्हणाली, "भाकर मातूर ठिवीन. हातानंच शिवती मी, मोडायला मशीनची सुई कुटं हाय."

एस्टीत खिडकीची जागा मिळाली. मांडीवर दोन्ही वाकळा, आईची आणि आईआबांची. जन्मभर जे मागितलं त्याच्या दुप्पट घेऊन मी निघाले होते. कऱ्हाडच्या पुढं एका बाईनं विचारलं, "काय वो मावशी, माहेरची व्हय?" मी मान हलवली. आणि उंब्रजला ओट्यावर बसलेल्या त्या ठार बहिऱ्या म्हातारीच्या कानांचा मला असा हेवा वाटत होता, की सांगली येईपर्यंत डोळ्यांचं पाणी खळलं नाही.